माळकरी अण्णा आणि बर्गंडीचे चार दिवस

आधी कबुली देते. जर्मनीत फ्रायबुर्गमध्ये राहायला आल्यापासून मी वाईन शिकायचा प्रयत्न करतेय, एक शनिवार-रविवारचा कोर्सपण केला, पण बर्गंडीची (फ्रान्समधला वाईनचा प्रदेश) बाटली हातात घेतली की माझं डोकं बंद पडायचं. लेबलवर द्राक्षाचं नाव नाही, सगळी गावांची नावं, त्यात एकच नाव पन्नास जणांच्या बाटल्यांवर आणि भाव बारा युरोपासून बाराशेपर्यंत. सप्टेंबर २०२४ मध्ये अण्णा (माझे वडील, पिंपळगाव बसवंतजवळ पाच एकर द्राक्षबाग, वय ६९, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूचा थेंब नाही) तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आले होते. स्वित्झर्लंड बघून झालं, बर्फ बघून झाला, चौथ्या दिवशी म्हणाले बर्फात काय बघायचं पोरी, इथं शेती कुठं असती ते दाखव. म्हटलं चला मग.

नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे मी आणि अण्णा, आमची जुनी गाडी आणि मागच्या सीटवर डब्यात दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

दिवस पहिला, गुरुवार

फ्रायबुर्गहून म्यूलूझ आणि तिथून ए-३६ धरला की सरळ बोनला उतरता येतं, तीन-सव्वातीन तास. टोल लागतो, कार्ड चालतं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. बोन म्हणजे बर्गंडीच्या वाईनचं मुख्य गाव, इंग्रजी स्पेलिंग वाचून ब्यून, बॉन काहीही म्हणू नका, बोन. गाडीत अण्णांनी एकदाच विषय काढला, "काल पितृपक्ष लागला अन तू मला दारूच्या गावाला घेऊन चालली." मी म्हटलं अण्णा द्राक्षाच्या गावाला. ते हसले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

खोली साव्हिन्यी-ले-बोनमध्ये घेतली होती, बोनपासून पाच-सहा किलोमीटर, स्वयंपाकघर असलेली (शाकाहारी माणूस बरोबर असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं, पुढे कळेलच). बॅगा टाकल्या आणि अण्णा चप्पल घालून थेट समोरच्या बागेच्या बांधावर. आणि पुढचा अर्धा तास मी फक्त प्रश्न ऐकत होते.

पहिला प्रश्न, मांडव कुठंय? मांडव नाही. कमरेएवढी झाडं, तारेला बांधलेली, एकमेकांपासून साधारण मीटर-मीटरवर. हेक्टरी दहा हजार झाडं असतात, मी वाचलेलं सांगितलं. अण्णांनी मनातल्या मनात हिशोब केला, "म्हणजे एकरी चार हजार? आपण नऊ बाय पाचवर लावतो, हजाराच्या आत बसतात." मग ट्रॅक्टर कसा जातो? तर इथले ट्रॅक्टर उंच पायांचे असतात, ओळीच्या डोक्यावरून जातात, खाली झाडं आणि वर ड्रायव्हर. समोरून एक आलाच नेमका, अण्णांनी व्हिडिओ काढून लगेच भावाला पाठवला.

दुसरा प्रश्न, ठिबक कुठंय? ठिबक नाही. नियमानेच पाणी द्यायला बंदी आहे, पाऊस पडेल तेवढाच. यावर त्यांचा विश्वासच बसेना, वाकून खोडाजवळ माती उकरून नळी शोधली.

तिसरा प्रश्न, एकरी टन किती? इथं मी जरा घाबरतच सांगितलं, कारण उत्तर मलाच पटलं नव्हतं पहिल्यांदा वाचलं तेव्हा. सगळ्यात भारी जमिनींना, ज्यांना ग्रँड क्रू म्हणतात, लाल वाईनसाठी हेक्टरी साधारण ३५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे, म्हणजे एकरी दोन टनाच्या आसपास माल. जास्त काढायचा नाही. आमच्याकडे एकरी आठ-दहा टन एक्सपोर्टचा माल निघाला तरी औषधांचा खर्च निघेल का याची चिंता. अण्णा म्हणाले, "दोन टनात जगतात कसे मग?" हाच प्रश्न पुढचे तीन दिवस आमच्याबरोबर फिरला.

संध्याकाळी थंडी पडली, दशमी ठेचा खाऊन झोपलो.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी बोन. गावाभोवती जुना कोट, आत दगडी गल्ल्या, आणि गल्ल्यांच्या खाली सगळीकडे तळघरं, म्हणजे तुम्ही चालता ते रस्ते अक्षरशः बाटल्यांवर आहेत. आधी ओतेल-द्यू बघितलं. १४४३ मध्ये निकोला रोलाँ नावाच्या बर्गंडीच्या ड्यूकच्या चान्सेलरने आणि त्याच्या बायकोने, गिगोन द सालाँने, गोरगरिबांसाठी बांधलेलं हॉस्पिटल. इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या लढाईच्या शेवटी-शेवटी लोक उपाशी मरत होते तो काळ. छप्पर रंगीत कौलांचं, लाल पिवळं हिरवं तपकिरी, चौकटीचौकटीची नक्षी, आणि बाहेरून बघाल तर साधी राखाडी भिंत, सगळा थाट आतल्या चौकात. मोठ्या हॉलमध्ये दोन्ही बाजूला लाल पडद्यांचे पलंग ओळीने. १९७१ पर्यंत इथं पेशंट होते.

अण्णांना पलंगांपेक्षा दुसरीच गोष्ट आवडली. ह्या हॉस्पिटलला लोकांनी शतकानुशतकं मरताना द्राक्षबागा दान दिल्या, आज साधारण ६० हेक्टर आहेत, आणि १८५९ पासून दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्या बागांच्या वाईनचा लिलाव होतो, पैसा हॉस्पिटलला. "म्हणजे देवस्थानची इनाम जमीन," अण्णा म्हणाले. अगदी तसंच. फक्त इथली इनाम जमीन कुणी खाल्लेली दिसत नाही, हे वाक्य माझं नाही, त्यांचंच आहे.

बारा वाजले. इथं एक टीप लिहून ठेवा, फ्रान्सच्या लहान गावात जेवण म्हणजे बारा ते दोन. दोन वाजून पाच मिनिटांनी तुम्ही राजे असलात तरी किचन बंद. आणि बर्गंडीत शाकाहारी लोकांचे हाल आहेत. गावरान जेवण म्हणजे वाईनमध्ये तासन् तास शिजवलेलं बीफ, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, आणि शाकाहारी म्हणून जे सांगतात ते लाल वाईनच्या रश्श्यातलं अंडं, त्यातपण बहुतेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे. चीजचे छोटे पफ मिळतात, गुजेर म्हणतात, मस्त असतात पण त्यात अंडं. अण्णांसाठी ब्रेड, लोणी, टोमॅटोची कोशिंबीर. चीज तरी खा म्हणून मी हौसेने एपोआस मागवलं, इथलं सगळ्यात नावाजलेलं, नारिंगी सालीचं, वासाला भयंकर आणि चवीला स्वर्ग, आणि ते टेबलावर आल्यावर मला आठवलं की ते मुरवताना द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूने धुतात. खरं ते सांगितलं. अण्णांनी प्लेट शांतपणे माझ्याकडे सरकवली. आख्खं मी खाल्लं, तक्रार नाही.

दुपारी एका तळघरात टेस्टिंग, पाच वाईन २० युरो. आता हा प्रसंग मी महिनाभर टाळत होते, वडिलांसमोर प्यायची पहिलीच वेळ. लग्नानंतर आठ वर्षं युरोपात, तरी पण. अण्णा म्हणाले "तू तुझं काम कर, मी दगड बघतो" आणि भिंतीकडे तोंड करून खरंच दगड बघत बसले, आणि मी ग्लास घेऊन त्यांच्या पाठीमागे उभी, तो वाढणारा पोरगा आमच्याकडे बघून गोंधळलेला. पाच मिनिटांनी ते वळले, माझ्याकडचा ग्लास हातात घेतला, मला वाटलं आता ओतून देतात की काय, पण त्यांनी नाकाशी नेला, वास घेतला, परत दिला. "पहिल्या पावसानंतर विहिरीत उतरल्यावर येतो तसा वास आहे." मी तो वास शब्दांत पकडायला दोन दिवसांच्या कोर्सला साडेतीनशे युरो दिले होते.

तिथं पायऱ्या पहिल्यांदा नीट कळल्या, थोडक्यात लिहिते. सगळ्यात खाली नुसतं 'बोर्गोन्य', म्हणजे प्रदेशात कुठलीही द्राक्षं. त्यावर गावाचं नाव, उदाहरणार्थ साव्हिन्यी. त्यावर प्रमिए क्रू, म्हणजे गावातला चांगला म्हणून ठरलेला तुकडा, लेबलवर गाव आणि तुकडा दोन्ही. आणि सगळ्यात वर ग्रँड क्रू, ज्याला गावाच्या नावाची गरजच नाही, तुकड्याचं नाव पुरे. असे ग्रँड क्रू सगळ्या बर्गंडीत मिळून ३३. द्राक्ष मात्र जवळजवळ सगळीकडे तेच, लाल असेल तर पिनो न्वार, पांढरी असेल तर शार्दोने. म्हणजे वाण एकच, औषधं तीच, हवा तीच, आणि भावात शंभरपट फरक तो फक्त गट नंबरमुळे.

हे मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग सरळ सांग ना सातबाऱ्याची दारू आहे."

तीन वर्षं मला जे कळलं नाही ते हे. फ्रेंच लोक या तुकड्याला क्लिमा म्हणतात, दिजोंपासून खाली सांतने-मारांजपर्यंत असे १२४७ क्लिमा नाव देऊन, हद्द आखून ठेवलेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून घेतले. नावं कशी, तर आपल्यासारखीच. एक खाणीजवळचा, एक रेताडाचा, एक काटेरी झुडपांचा, एक मधमाश्यांचा. आमच्याकडे नाही का, चिंचेचं, विहिरीवरचं, खालचा तुकडा, म्हसोबाचं. फक्त आम्ही म्हसोबाच्या मालाला वेगळी पेटी करत नाही.

टीप, टेस्टिंगला थुंकायला भांडं असतं, लाजू नका, वापरा. फ्रान्समध्ये गाडी चालवताना रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, पाच ग्लास गिळले तर गेलात. आणि बऱ्याच ठिकाणी आधी लाल देतात मग पांढरी, चुकून नाही, इथली पद्धत आहे.

दिवस तिसरा, शनिवार

शनिवारी बोनला बाजार भरतो, सकाळी लवकर जा. अण्णांनी एकेका स्टॉलवर भाव विचारून रुपयात करून माझा पार पिच्छा पुरवला. मध आणि मसाल्याचा दिजोंचा केक मिळाला, पाँ देपिस, बिनअंड्याचा आहे का हे तीन वेळा विचारून घेतला, अण्णांना एवढा आवडला की चहात बुडवून अर्धा संपवला. गुळाच्या दशमीच्या जवळपास जाणारी फ्रान्समधली एकमेव वस्तू असं त्यांचं मत आहे.

मग उत्तरेकडे, कोत द न्वी, म्हणजे बोनच्या उत्तरेची बागांची पट्टी. दिजों ते बोन आणि खाली सांतनेपर्यंतची उताराची पट्टी म्हणजे कोत दोर, जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी किलोमीटरभरपण रुंद नाही. गाडी चालवताना एवढं बघा की मोठा रस्ता डी-९७४ मध्ये आहे, डोंगराकडची बाजू भारी आणि सपाटीकडची बहुतेक साधी. आणि डोंगराकडेपण अगदी वर नाही, अगदी खाली नाही, मधला पट्टा. वर माती फार पातळ, खाली पाणी साचतं, मध्ये चुनखडीवर बेताची माती आणि तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन. अण्णा म्हणाले हे तर कुठल्याही शेतकऱ्याला न सांगता कळतं. बरोबर आहे, मला कळायला नकाशा लागला.

साडेदहाला जेव्हरे-शांबेर्तांमध्ये एका घराण्याकडे भेट ठरली होती, जुलैमध्ये मेल करून, उत्तर येऊन. नाव घेत नाही. दाराची बेल वाजवली, पाच मिनिटांनी एक बाई हातात रबरी पाइप घेऊन आल्या, आम्हाला बघून त्यांना काही आठवेना, मग म्हणाल्या तोडणी चालू आहे, आज कुणीच रिकामं नाही, आणि दार बंद. राग आला, पण चूक थोडी माझीपण. तर महत्त्वाची टीप, सप्टेंबरमध्ये टेस्टिंगसाठी जाऊ नका. बघायला सुंदर असतं पण घरचे सगळे बागेत आणि टाकीजवळ. मे-जून किंवा ऑक्टोबरअखेर जा, आणि दोन दिवस आधी परत फोन करा.

जेव्हरेची एक गंमत सांगायची राहिली. गावाचं खरं नाव नुसतं जेव्हरे. गावातली सगळ्यात नावाजलेली बाग शांबेर्तां, नेपोलियनची आवडती. १८४७ मध्ये गावाने बागेचं नाव आपल्या नावापुढे जोडून घेतलं, म्हणजे गावातल्या साध्या बाटलीवरपण शांबेर्तां लिहिता येईल. मग बाकीची गावंपण सुरू झाली, व्होन झालं व्होन-रोमाने, प्युलिनी झालं प्युलिनी-मोंराशे. त्यामुळे दुकानात लक्षात ठेवा, नुसतं 'शांबेर्तां' असेल तर ग्रँड क्रू, 'जेव्हरे-शांबेर्तां' असेल तर गावची वाईन. एवढ्याने पाचशे युरोचा घोटाळा टळतो.

मन खट्टू करून खाली येत होतो, तर शांबोलच्या अलीकडे रस्त्याकडेला एका तुकड्यात तोडणी चालू होती. पंधरा-वीस पोरं वाकून तोडतायत, एक जण पाठीवर टोपली घेऊन ट्रेलरकडे. अण्णा म्हणाले थांब. मी थांबले. ते बांधावर उभे राहिले, एक पान तोडलं नाही, नुसतं उलटं केलं, आणि जोरात म्हणाले, "केवडा!"

खरंच होता, केवडा म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. २०२४ सगळ्या बर्गंडीला पावसाने आणि केवड्याने खाल्लेलं वर्ष. पानाखाली पांढरी बुरशी, घडातले मणी वाळून काळे. चाळिशीचा एक माणूस, मालकच होता, आमच्याकडे आला, जरा संशयानेच. मी फ्रेंचमध्ये सांगितलं की माझे वडील भारतात द्राक्ष शेतकरी आहेत. त्याने अण्णांकडे बघितलं, टोपी, माळ, स्वेटर. अण्णांनी पानाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "बोर्डो?"

तो माणूस चमकलाच. "वी, वी! बुयी बोर्दलेज!"

आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो, मोरचूद आणि चुना, ते बोर्दो शहराचं नाव आहे, तिथल्याच बागांमध्ये १८८० च्या दशकात केवड्यावर हा उपाय सापडला. अण्णा पन्नास वर्षं हा शब्द वापरतायत आणि त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं की हे गावाचं नाव आहे. मग त्यांनी त्या माणसाच्या कमरेची कात्री बघून म्हटलं "सिकेटर". तो म्हणाला "सेकातर!" आणि दोघं हसायला लागले, मी मध्ये उभी, दुभाष्याची गरजच संपली.

पुढची वीस मिनिटं त्या दोघांची. तो सांगत होता की तो सेंद्रियवाला, आणि सेंद्रियमध्ये तांब्याला मर्यादा, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, पाऊस थांबेना आणि फवारा धुऊन जायचा. अण्णा सांगत होते की आमच्याकडे अवकाळी आला की एका रात्रीत बाग जाते, गारपीट झाली की तर विचारूच नका. कुणीच कुणाचं वाक्य पुरतं समजत नव्हतं, पण मी भाषांतर करायला तोंड उघडलं की दोघंही मान हलवून पुढे गेलेले असायचे. त्याने एक घड दिला. पिनो न्वारचा घड मुठीएवढा, मणी बारीक, घट्ट, बिया मोठ्या. अण्णांनी चार मणी खाल्ले, बी दाताखाली फोडली, आणि म्हणाले ब्रिक्स (साखरेचं माप) वीसच्या वर आहे. त्याने खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. एकवीस. पहिल्यांदा मला वडिलांचा एवढा अभिमान वाटला हे लिहितेच.

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला, दोन टनात जगता कसे. मी भाषांतर केलं. तो म्हणाला जगणं सोपं आहे, मरणं अवघड आहे. म्हणजे असं की वाईनला भाव आहे म्हणून जमिनीला भाव, आणि जमिनीचा भाव इतका चढलाय की बाप गेला की पोरांना वारसा कर भरायलाच तुकडा विकावा लागतो, आणि घेणारे शेतकरी नसतात. खोटं नाही ते, २०१४ मध्ये क्लो दे लांब्रे ही बाग लुई व्हितोंवाल्या एलव्हीएमएचने घेतली, २०१७ मध्ये क्लो द तार्त ही बाग पिनो नावाच्या (द्राक्षाशी संबंध नाही) धनाढ्य कुटुंबाच्या कंपनीने. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "याला सांग, आमच्याकडं समृद्धीत गेली त्यांचं पण असंच झालं." हे मी नाही सांगितलं, समृद्धी महामार्ग फ्रेंचमध्ये कसा सांगायचा ते सुचेना.

त्याच्याकडून तिथंच, ट्रेलरवरून, गावच्या वाईनची एक बाटली घेतली, २०२१ ची. म्हणाला पाच वर्षं उघडू नका.

दुपारी क्लो द वूजो. सीतो मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून उभी केलेली बाग, चारही बाजूंनी दगडी भिंत, ५० हेक्टर म्हणजे सव्वाशे एकर. आतल्या वाड्यात ओकच्या लाकडाचे अवाढव्य चार घाणे आहेत, आमच्याकडच्या उसाच्या गुऱ्हाळाच्या दसपट. साधू लोक दारू काढायचे हे ऐकून अण्णांना जो धक्का बसला तो नंतर बराच वेळ पुरला. मी म्हटलं त्यांच्या पूजेत लागते. "लागू दे, पण सव्वाशे एकर?"

आणि इथं सातबारा परत आला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारने काढून घेऊन विकल्या. ही बाग तरी १८८९ पर्यंत एका हातात राहिली, मग विकली गेली आणि तुकडे पडले, आज आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. वर नेपोलियनचा कायदा की सगळ्या पोरांना सारखा वाटा, झालं, काहींच्या नावावर चार ओळी. इथं जुनं माप आहे उव्रे, एका माणसाने एका दिवसात कुदळीने होईल तेवढी जमीन, ४.२८ आर. अण्णांनी लगेच केलं, सव्वाचार गुंठे. आणि भिंतीच्या आत सगळंच ग्रँड क्रू, वरचा दगडी उतार आणि खालचा रस्त्याकडेचा ओलसर भागपण, लेबल सारखंच. म्हणून इथं माझं ठाम मत, जमिनीचं नाव वाचून पैसे टाकू नका, शेतकऱ्याचं नाव वाचा. भारी जमीन आळशाच्या हाती गेली तर काय होतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर व्होन-रोमाने आणि रोमाने-कोंती. जगातली सगळ्यात महाग वाईन ज्या रानातून येते ते रान साडेचार एकर. एक बुटकी भिंत, एक दगडी क्रॉस, आणि एक पाटी की लोक इथं येतात हे आम्ही समजू शकतो पण कृपया रस्त्यावरच थांबा, बागेत शिरू नका. आम्ही रस्त्यावरच थांबलो. बाटलीचा भाव सांगितला तर अण्णांनी मला दोनदा शून्य मोजायला लावले. मग मी २०१० ची गोष्ट सांगितली, कुणीतरी या वेलींना विष घालण्याची धमकी देऊन दहा लाख युरो मागितले होते, पोलिसांनी जवळच्या स्मशानात पैशाची बॅग ठेवून त्याला पकडलं. इथं अण्णा अजिबात दचकले नाहीत. "आपल्याकडं रात्रीतून तणनाशक मारून जातात शेजाऱ्याच्या बागेवर, ते काय मागत पण नाहीत."

बाजूच्याच बांधापलीकडे दुसऱ्या नावाची बाग, तशीच झाडं, तशीच माती दिसायला. मी खूप वेळ बघत होते, मला फरक दिसला नाही. अण्णांनापण दिसला नाही, पण ते म्हणाले असणार, आपल्या विहिरीवरच्या रानात दोन वाफे सोडून माल गोड येतो, का ते मला अजून कळलेलं नाही.

दिवस चौथा, रविवार

रात्रीपासून पाऊस. रविवारी सगळं बंद, पेट्रोल आणि ब्रेडचं आदल्या दिवशीच बघून ठेवा. आम्ही गाडीतूनच दक्षिणेला, पोमार, व्होल्ने, मर्सो. अलोस-कोर्तोंची टेकडी उत्तरेला आहे, ती येतानाच बघितलेली, तिथली गोष्ट मात्र इथं सांगते, शार्लमेन राजाची पांढरी दाढी लाल वाईनने रंगायची म्हणून राणीने पांढरी द्राक्षं लावायला लावली, आणि ती बाग म्हणजे कोर्तों-शार्लमेन. खरं खोटं देव जाणे, पण दाढीवाल्या लोकांना पटणारी आहे.

प्युलिनीच्या वर मोंराशे. पांढऱ्या वाईनची काशी म्हणा. आठ हेक्टर, जेमतेम वीस एकर, त्यातली अर्धी प्युलिनी गावच्या हद्दीत, अर्धी शासान्यच्या. दगडी कमान, त्यावर नाव, आणि पावसात माणूस नाही. मी छत्री धरून उभी, अण्णा कमानीखाली. त्यांनी विचारलं दोन गावांत एक बाग, तंटा नाही का. मी म्हटलं दोन्ही गावांनी नाव जोडून घेतलं. "हुशार आहेत."

मर्सोत एका बेकरीच्या ओट्यावर उरलेल्या दशम्या खाल्ल्या. बेकरीवाल्या आजी ठेच्याचा वास घेत बाहेर आल्या, मी थोडा ब्रेडला लावून दिला, त्यांनी डोळे मोठे केले, आत गेल्या आणि मोहरीच्या पेस्टची छोटी बाटली आणून अण्णांच्या हातात ठेवली, जणू बघ आमच्याकडेपण आहे. अण्णांनी बोटावर घेऊन चाखली, नाकातून झिणझिण्या गेल्या, दोघं एकमेकांकडे बघून मान हलवत होते. बाटली पिंपळगावला गेली, आई वांग्याच्या भरतात घालते म्हणे.

परतीच्या रस्त्याला बेझांसोंपर्यंत पाऊस सोडेना. अण्णांनी भावाला फोन लावला, स्पीकरवर. मला वाटलं आता रोमाने-कोंती सांगतील, क्लो द वूजो सांगतील.

"पाऊस आहे का रे तिकडं? ... बरं. मी दहा तारखेला येतो, तोवर छाटणीला माणसं सांगून ठेव. अन वरच्या तुकड्याचा माल यंदा वेगळा तोडायचा. ... नाही, वेगळ्या क्रेटात. ... का ते आल्यावर सांगतो."